आपली पत्रिका पावली, महाराज!

आबिड्स, हैदराबाद

राजमान्य राजश्री अज्ञात प्रेषक महोदय यांच्या सेवेशी,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण धाडलेली लग्नपत्रिका पावली. अत्यंत संतोष झाला. हल्ली सख्ख्या नात्यातले लोकही एका ओळीच्या निरोपावर बोलावणं उरकतात. आपली-आमची ओळखदेख नाही, कधी एका पंगतीत जेवणं नाही, तरी आपण अगत्यानं आठवण ठेवलीत. आमच्या हैदराबादेत लग्नपत्रिका म्हटलं की छत्ता बाजार. तिथले सुलेखन करणारे कातिब आणि छापखानेवाले पिढ्यान्‌पिढ्या पत्रिका काढत आले आहेत. पण त्यांच्यातल्या एकालाही न साधलेली कला आपल्या अंगी आहे. त्यांच्या पत्रिका आम्ही वाचायचो. आपली पत्रिका आम्हालाच वाचून काढते.

पत्रिका नीट निरखून पाहिली. वधूचं नाव नाही, वराचं नाही. मुहूर्त नाही, मंगल कार्यालयाचा पत्ता नाही. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ नाही, खाली चिमुकल्यांचं ‘लग्नाला यायचं हं’ही नाही. फाइलचं नाव तेवढं इंग्रजीत ‘वेडिंग इन्व्हिटेशन’, आणि त्यापुढे एक टिंब देऊन तीन अक्षरं: एपीके. ती आपण विसरला नाहीत, याबद्दल आभार. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचा अख्खा प्रोग्रॅम. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, यजमान हौशी असले तर व्हिडिओ असते. ती फोनमध्ये इन्स्टॉल करावी लागत नाही. फोन बिचारा सांगतही असतो की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोका आहे. पण लग्नघरचं बोलावणं म्हटल्यावर त्याचं कोण ऐकतो!

आमच्याकडे पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापायची रीत आहे. आपण ते छापलं नाहीत, हा आपला प्रामाणिकपणा. ॲप बसलं की आपण एकेक आहेर मागता. मेसेज वाचायची परवानगी द्या. संपर्कयादी द्या. नोटिफिकेशन दाखवा. शेवटी ‘ॲक्सेसिबिलिटी’ द्या, म्हणजे स्क्रीनवर काय दिसतंय ते पाहायचा आणि आमच्या वतीनं बटणं दाबायचा अधिकार. एवढं मिळालं की बँकेचा ओटीपी आमच्याआधी आपल्याला कळतो. मग आमच्याच व्हॉट्सॲपवरून, आमच्याच नावानं, तीच पत्रिका मावशीला, शाळेच्या गटाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला जाते. आमच्या शब्दाला नात्यात इतकी किंमत आहे, हे आपल्यामुळे समजलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्यालाही आपल्याकडून असंच निमंत्रण गेलं होतं. लग्न ३० ऑगस्टचं, ‘जरूर या’ असा आग्रह, आणि सोबत हीच तीन अक्षरं. फाइल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. हिंगोली एके काळी निजामाच्या राज्यातली. आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांच्या सोयरिकी आजही त्या बाजूला आहेत. तिथून अचानक पत्रिका आली तर संशय येत नाही, आनंद होतो. आपण नेमका तो आनंद हेरलात. आपल्या रसिकतेला प्रणाम.

लग्नाला कुणी आलंच नाही, तरी आपण रुसत नाही. दुसऱ्या दिवशी पोस्ट खात्याच्या नावानं निरोप पाठवता की पत्ता अपुरा असल्यानं पार्सल अडकलंय, बारा तासांत खालच्या लिंकवर पत्ता भरा. आबिड्सला जनरल पोस्ट ऑफिस आमच्या पायाखालचं. तिथल्या पोस्टमनला पत्ता सापडला नाही तर तो चार दुकानांत विचारतो. लिंक पाठवत नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानंही स्पष्ट केलंय की पोस्ट खातं असे निरोप धाडत नाही. पण पुढल्या वेळी आपण वाहतूक पोलिसांचं चलन धाडता, त्याच्या पुढल्या वेळी वीज तोडण्याची नोटीस, मग बँकेचे बक्षीस गुण. सरकारी खात्यांनी आपल्याकडून तत्परता शिकावी.

आपल्या घराण्याचा इतिहासही वाचला. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींचा त्यांना राग होता. त्यांनी व्हायरसमध्ये स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले होते. ज्याची फ्लॉपी बिघडेल त्यानं फोन करावा, अशी सोय. आपण घराण्याचं नाव पुढे नेलंत; पत्ता लिहायची पद्धत तेवढी मोडलीत.

मे २००० मध्ये आपल्या मनिलाच्या शाखेनं जगाला प्रेमपत्र पाठवलं. विषय ‘आय लव्ह यू’. जोडलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी दिसे, म्हणून लोकांना तो साधा मजकूर वाटला. त्याच्याही पुढे व्हीबीएस ही अक्षरं होती, म्हणजे चालू होणारा प्रोग्रॅम. विंडोज ओळखीच्या फाइलींची शेपटी आपण होऊन झाकते, त्यामुळे ती दिसलीच नाही. पत्र उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना ते परस्पर गेलं, आणि फोटोंच्या फाइलींवर त्यानं आपलीच प्रत गिरवली. ब्रिटिश संसदेला ईमेल बंद ठेवावी लागली. लिहिणारा ओनेल दे गुझमान सापडला, पण त्या वेळी फिलिपिन्समध्ये असा कायदाच नसल्यानं सुटला. एवढी वर्षं लोटली, विंडोज आजही ती शेपटी झाकते, आणि आपण आजही ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ पाठवता. परंपरा जपावी ती आपणच.

आमच्या शहरावर आपला विशेष लोभ. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथल्या एपी महेश सहकारी अर्बन बँकेच्या कर्मचाऱ्यांना आपण दोनशेहून अधिक ईमेल धाडल्या. पोलिसांच्या तपासानुसार त्यांतल्या दोन कर्मचाऱ्यांनी त्या उघडल्या. दोनच! त्या दोन संगणकांत दुरून ताबा घेणारा प्रोग्रॅम बसला, कळफलकावरचं प्रत्येक अक्षर टिपलं जाऊ लागलं, आणि आपण दोन महिने शांतपणे पासवर्ड गोळा केलेत. जानेवारी २०२२ मध्ये १२ कोटी ४८ लाख रुपये आधी बँकेतल्याच काही खात्यांत, तिथून ११५ आणि पुढे शेकडो खात्यांत गेले. आपल्या सबुरीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

त्या प्रकरणातून आपण एक उपकारही केलात. बँकेच्या संगणक सुरक्षेतल्या ढिसाळपणाची लक्तरं वेशीवर टांगली गेली, आणि २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिला ६५ लाखांचा दंड केला. दोनशेत दोघं चुकणारच. माणसं थकतात, घाईत असतात, साहेबांचा मेल समजून उघडतात. दोघांच्या चुकीनं अख्खी तिजोरी उघडत असेल, तर चूक त्या दोघांवर ढकलून संचालकांना हात झटकता येत नाहीत. हे आपण शिकवलंत. फी जरा जास्त घेतलीत.

पुण्यात फी त्याहून मोठी होती. कॉसमॉस बँक १९०६ सालची. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी आपण तिच्या एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत व्हायरस घालून स्वतःच मंजुऱ्या देऊ लागलात. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, काही रक्कम थेट हाँगकाँगला गेली, एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली. बनावट कार्डं घेऊन यंत्रासमोर उभे राहिले ते तुरुंगात गेले. त्यांना तिथे उभं करणाऱ्यांना आपण ओळखतच असाल, त्यांना आमचा नमस्कार सांगावा.

आमच्या प्रकृतीची आपल्याला वाटणारी काळजी तर डोळ्यांत पाणी आणते. एखादं संकेतस्थळ उघडावं, तर स्क्रीन लाल होते, भोंगा वाजतो, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, बंद करू नका, या मायक्रोसॉफ्टच्या नंबरवर फोन करा.’ मायक्रोसॉफ्ट १९९८ पासून आमच्याच हैदराबादेत आहे. तिचं म्हणणं असं की तिच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. फोन केला की आपण दुरून संगणक चालवायचं ॲप उतरवायला लावता, आणि नसलेला आजार बरा करता करता असलेला पैसा काढता. खरं तर तो भोंगा म्हणजे नुसतं एक वेबपान. ब्राउझर बंद केला की विझतं. बंद होत नसेल तर संगणकाचं बटण दाबून धरावं. पण ‘बंद करू नका’ असं आपण इतक्या कळवळून सांगता की पेन्शनर मंडळींना तुमचं मन मोडवत नाही.

आपल्या दानशूरपणाबद्दल लिहायचं राहिलंच. जीपीओजवळच्या एका गल्लीत झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. मराठी मंडळींच्या पत्रिका, गणेशोत्सवाच्या पावत्या, तेराव्याच्या कार्डांचा मजकूर, मंडळाच्या स्मरणिका तिथेच जुळतात. पानं लावायचं सॉफ्टवेअर महाग, म्हणून दुकानदारानं आपण फुकट वाटत असलेला ‘क्रॅक’ उतरवला. पानावर हिरवी बटणं पाच, सगळ्यांवर ‘डाउनलोड’. सोबत आपली सूचना: चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. त्यानं केला. सकाळी प्रत्येक फाइलच्या नावाला चार परकी अक्षरं जोडलेली. एकही उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक चिठ्ठी.

ती चिठ्ठी मी वाचली. इतकं सभ्य पत्र क्वचितच वाचायला मिळतं. ‘काळजी करू नका, तुमच्या सर्व फाइली परत मिळतील.’ किंमत ९८० डॉलर. ७२ तासांच्या आत संपर्क केल्यास ५० टक्के सूट, म्हणजे ४९०. विश्वासासाठी एक फाइल मोफत उघडून देऊ. आबिड्सच्या कापडदुकानांत आषाढात सेल लागतो तसा आपला सेल, फक्त माल गिऱ्हाइकाचाच. त्या संगणकात वर्षानुवर्षांच्या स्मरणिका होत्या, हयात नसलेल्या लेखकांचे लेख होते, ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. दुकानदार खुर्चीत बसून नुसता एकामागून एक फाइल उघडून पाहत होता. आपण ते पाहायला हवं होतं, महोदय. आपण काय चोरता ते आपल्याला डॉलरमध्येच कळतं.

आमच्या आळसावरही आपली कृपादृष्टी आहे. मे २०१७ मध्ये आपल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसनं जगभर गोंधळ घातला, शेजारच्या आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणकही अडकले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. दोन महिने लोक ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबत राहिले. आठवण आपण केलीत.

मराठी उद्योजकांना आपण दिलेल्या प्रोत्साहनाची नोंद घ्यायलाच हवी. साताऱ्याच्या रहिमतपूरचे काटकर बंधू. थोरले कैलास दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, धाकटे संजय संगणक शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संजयनी त्यांना काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली. आपण बिघडवलंत, त्यांनी दुरुस्त केलं. हुशारी दोन्हीकडे सारखीच लागते, म्हणून ती कशाला वापरली हे विचारावं लागतं.

आता थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नये. आपल्या विद्येची फार वाखाणणी होते. हॅकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुणी अद्भुत बुद्धीचा माणूस येतो. पण आपल्या पत्रिकेला, पार्सलला, चलनाला, भोंग्याला बुद्धी फारशी लागलेली नाही. आपलं भांडवल दोनच गोष्टींचं. दाबण्याआधी आमची घाई, आणि दाबल्यानंतर आमची लाज. बारा तास, बहात्तर तास, आत्ता, ताबडतोब; आपल्या प्रत्येक पत्रात वेळेची दोरी असते, कारण माणूस दोन मिनिटं थांबला तर आपलं काम होत नाही. आणि पैसे गेल्यावर तो घरात बोलत नाही. मुलगा ओरडेल, सून हसेल, ऑफिसात नाव जाईल. तो दिवसभर गप्प राहतो, आणि त्या दिवसभरात पैसे शेकडो खात्यांत फिरून निघून जातात.

महोदय ही पदवी इथे मी काढून घेते. तुम्ही आजीच्या औषधाचे पैसे घेता, पोराच्या फीचे घेता. एखाद्या माणसानं आयुष्यभर जपलेल्या नात्यांत त्याच्याच नावानं विष कालवता. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस सोडणं त्याच्या ४३व्या कलमात बसतं आणि ६६व्या कलमाखाली तीन वर्षं कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. फसणारा मूर्ख आणि फसवणारा हुशार, ही भाषा आम्ही बोलणं बंद करणार आहोत. गुन्हेगार तुम्ही आहात. लाज तुम्हाला वाटायला हवी.

तुमच्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्यांशी आता चार शब्द बोलते.

मंडळी, कुठलीही फाइल उघडण्याआधी तिच्या नावाची शेवटची अक्षरं वाचा. एपीके, ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस दिसलं आणि आपण ते मागवलं नव्हतं, तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी आधी त्याला फोन करा. विंडोजमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलींच्या शेपट्या दिसतील अशी खूण करून ठेवा. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, तिथेही कोणती परवानगी मागतंय ते वाचा. बिलाची वर्ड किंवा एक्सेल फाइल उघडल्यावर ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगत असेल, तर ती बंद करा. बँकेचं, चलनाचं, विजेचं संकेतस्थळ निरोपातल्या लिंकवरून उघडू नका. पत्ता स्वतः टाइप करा. अपडेट आला की त्याच दिवशी घ्या.

महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते. फाइली अडकल्याच तर खंडणी देण्याआधी ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर पाहा. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकारानं २०१६ पासून तिथे काही कुलपांच्या किल्ल्या मोफत मिळतात. संगणक साफ करायची मोफत साधनं केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर आहेत.

आणि चुकून दाबलंच गेलं, तर फोनचं इंटरनेट तत्काळ बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि खातं, कार्ड, यूपीआय थांबवायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ पासूनच्या नियमानुसार, ग्राहकाच्या चुकीमुळे पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. कळवायला लागणारं प्रत्येक मिनिट आपल्या खिशातून जातं. मग व्हॉट्सॲपला कोणती अनोळखी उपकरणं जोडली आहेत ते पाहून काढा, आणि नातेवाइकांना सांगा की माझ्या नावानं पत्रिका आली तर उघडू नका. हे सांगताना मान खाली घालू नका. त्या एका वाक्यानं दहा घरं वाचतात.

घरात वडील, आजी, मावशी यांच्यापैकी कुणी असं काही सांगायला आलं, तर पहिला प्रश्न ‘तू दाबलंसच कशाला?’ हा विचारू नका. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. १९३० हा नंबर आजच घरातल्या प्रत्येक फोनमध्ये जतन करा, हीच कळकळीची विनंती.

कळावे,
आबिड्सची एक रहिवासी